विसार, साठेखत आणि खरेदीखत : ठाणे-कल्याण परिसरातील गृहखरेदीच्या शब्दांचा विचार

१. प्रास्ताविक

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ह्या नगरांत आयुष्यात पहिल्यांदाच घर विकत घेणाऱ्या कुटुंबाच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते : ‘आम्ही घर घेतले.’ हे वाक्य नेमके केव्हा उच्चारले जाते हे पाहू लागले म्हणजे एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. विसाराची रक्कम देऊन पावती घेतलेला मनुष्य हेच वाक्य बोलतो. उपनिबंधकाच्या कार्यालयात करारनामा नोंदवून आलेला हेच बोलतो. बँकेने कर्जाचा पहिला हप्ता बांधकाम व्यावसायिकाकडे वर्ग केला की हेच वाक्य ऐकू येते, आणि किल्ल्या हाती आल्यावरही तेच. ‘घेतले’ हे पूर्णत्वदर्शक क्रियारूप चार निरनिराळ्या अवस्थांना सारखेच लावले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ह्या चारही अवस्थांत घेणाऱ्याचा हक्क वेगळा, त्याची जोखीम वेगळी, आणि व्यवहार मोडल्यास त्याच्या पदरी पडणारी रक्कमही वेगळी असते.

हा सैलपणा मराठी भाषेच्या अंगचा आहे असे म्हणता येत नाही. मराठी दस्तऐवजांच्या परंपरेत ह्या अवस्थांसाठी स्वतंत्र संज्ञा आहेत. इतकेच नव्हे, तर त्यांची क्रियारूपेही काटेकोरपणे भिन्न ठेवलेली आहेत. नित्य व्यवहारात ह्या संज्ञांची जागा ‘टोकन’, ‘बुकिंग’, ‘डिपॉझिट’ अशा अर्थाने सैल असलेल्या शब्दांनी घेतल्यामुळे तो काटेकोरपणा खरेदीदाराच्या हातून सुटला आहे. ज्याच्यापाशी मोठी पुंजी आहे त्याला ह्या सैलपणाची झळ क्वचितच लागते. ज्याची सारी बचत त्या पहिल्या लहानशा रकमेतच संपते, त्याला मात्र शब्दाची चूक फार महाग पडते. प्रस्तुत लेखात ह्या शब्दक्षेत्राचा व्युत्पत्ती, व्याकरण आणि प्रचलित कायदा अशा तिन्ही बाजूंनी विचार करावयाचा आहे.

२. विसार, बयाणा आणि अनामत

खरेदी ठरल्याची खूण म्हणून आगाऊ द्यावयाच्या रकमेस मराठीत विसार असे म्हणतात. इसार हे त्याचेच दुसरे रूप होय. विचार-इचार, विहीर-इहीर, विंचू-इंचू ह्या जोड्यांत आढळणारा शब्दारंभीच्या वकाराचा विकल्प येथेही दिसतो. ‘विसारपावती’ आणि ‘इसारपावती’ ही दोन्ही रूपे आजही लेखी व्यवहारात चालतात. दुसरा शब्द बयाणा. तो फारसीच्या मार्गाने आला असून त्याच्या मुळाशी विक्री ह्या अर्थाचा अरबी ‘बै’ हा शब्द व फारसी ‘-आना’ हा प्रत्यय आहे. म्हणजे बयाणा ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘विक्रीसंबंधीचे द्रव्य’ एवढाच आहे.

ही कल्पना मात्र फार जुनी आहे. अमरकोशाच्या वैश्यवर्गात सत्यापन, सत्यंकार आणि सत्याकृति असे तीन पर्याय ह्या अर्थी दिलेले आहेत. तिन्ही शब्दांत ‘सत्य’ हे पद आहे, ही गोष्ट महत्त्वाची. दिलेले द्रव्य म्हणजे किमतीचा पहिला तुकडा नव्हे, तर दिलेला शब्द खरा करण्याचे साधन होय, अशी ती कल्पना. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सत्यंकाराचे द्रव्य दुप्पट परत करविण्याचा नियम आहे. त्यावरील मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वराने त्याचा खुलासा असा केला आहे की, खरेदी-विक्रीचा ठराव पाळला जावा म्हणून अंगठीसारखी एखादी वस्तू दुसऱ्याच्या हाती दिली असता, देणाराच ठराव मोडील तर ती वस्तू त्याने गमवावी आणि घेणारा मोडील तर त्याने ती दुप्पट करून द्यावी. (विज्ञानेश्वराचे कल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी, आजचे कर्नाटकातील बसवकल्याण, ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी त्याचा संबंध नाही.) फ्रान्सच्या दिवाणी संहितेतील १५९० व्या कलमात नेमका हाच नियम आहे. तेथील ‘आर्‌’ हा शब्द लॅटिन ‘आर्‌रा’ आणि ग्रीक ‘अर्‌राबोन’ ह्यांच्याद्वारे सेमिटिक भाषांतून आलेला आहे. इंग्रजीतील ‘अर्नेस्ट’ हा शब्दही ह्याच कुळातला असून, ‘मनापासूनचा’ ह्या अर्थाच्या एका इंग्रजी शब्दाशी ध्वनिसाम्य झाल्यामुळे त्याला आजचे रूप आले. दूरदूरच्या समाजांत एकच नियम पुनःपुन्हा उद्भवावा ह्याचे कारण उघड आहे. विसार दोघांनाही बांधतो. देणाऱ्याला गमावण्याच्या भयाने आणि घेणाऱ्याला भरपाईच्या भयाने.

अनामत ह्या शब्दाचा अर्थ ह्याच्या नेमका उलट आहे. अरबी ‘अमानत’ म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. अनामत ही परत करण्यासाठीच घेतलेली असते. तिच्यावर घेणाऱ्याचा हक्क निर्माण होत नाही. भाड्याच्या घरासाठी द्यावी लागणारी ठेव ती ही. अर्थात विसार आणि अनामत ह्या दोन शब्दांत मराठीने एक महत्त्वाचा भेद जपून ठेवला होता : एक रक्कम व्यवहार मोडल्यास जाणारी, दुसरी व्यवहार संपल्यावर परत येणारी.

ठाणे-डोंबिवलीच्या आजच्या बोलीत हा भेद मावळला आहे. भाड्याच्या घरासाठी दिलेली रक्कमही ‘डिपॉझिट’ आणि विकतच्या घरासाठी दिलेली रक्कमही ‘डिपॉझिट’. पहिल्यांदा घर घेणारे कुटुंब बहुधा अनेक वर्षे भाड्याने राहिलेले असते. डिपॉझिट म्हणजे परत मिळणारी रक्कम हा त्याचा अनुभव असतो, आणि तोच अर्थ ते नकळत नव्या व्यवहाराला लावते. ‘टोकन’ हा शब्द तर ह्याहूनही सैल. तो केवळ खूण दर्शवितो. रक्कम परत मिळेल की जाईल, ह्याविषयी तो काहीच सांगत नाही. भारतीय कायद्यातही ‘टोकन’ ह्या नावाची कोणतीही स्वतंत्र संज्ञा नाही. वाद निर्माण झाला म्हणजे ते टोकन विसार होते की किमतीचा अंशतः भरणा, हे पावतीतील शब्दांवरून न्यायालयाला ठरवावे लागते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ मधील फतेहचंद खटल्याच्या निर्णयावरून स्पष्ट होते. दिल्लीतील एका मिळकतीचा सौदा १,१२,५०० रुपयांना ठरला होता. त्यापैकी १,००० रुपये विसार म्हणून व २४,००० रुपये पुढे ताबा घेताना देण्यात आले, आणि करार मोडल्यास सर्व २५,००० रुपये जप्त व्हावेत असे लिहिले होते. न्यायालयाने १,००० रुपयांची जप्ती मान्य केली. उरलेले २४,००० रुपये विसाराचे नसून किमतीपैकी आहेत, म्हणून केवळ कलमाच्या आधारे ते जप्त करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. १९६९ च्या मौला बक्ष खटल्यात, वाजवी रकमेच्या विसाराची जप्ती ही दंड ठरत नाही, हे तत्त्व मांडले गेले. तात्पर्य, ‘विसार’ हा शब्द पावतीत असणे किंवा नसणे ह्यावर रकमेचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून राहते. परंतु वाटेल त्या मोठ्या रकमेला विसार असे नाव देऊन ती गिळंकृत करता येत नाही.

३. साठेखत आणि खरेदीखत : क्रियापदाचा काळ

विसारानंतरची पायरी साठेखताची. ह्या शब्दाचा साठा किंवा ‘-साठी’ ह्या शब्दयोगी अव्ययाशी संबंध जोडण्याचा मोह होतो; परंतु त्याचे पूर्वपद ‘साटें’ म्हणजे देवघेव, सौदा हे होय. दोन घरांनी परस्परांच्या मुली करण्याला ‘साटेलोटे’ म्हणतात, त्यातील ‘साटे’ हेच. गुजरातीत ह्याच दस्ताला साटाखत म्हणतात आणि त्याच्याच जोडीला, विसाराच्या अर्थाच्या शब्दावरून बनलेला ‘बानाखत’ हा पर्यायही तेथे रूढ आहे. म्हणजे साठेखत ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘सौद्याचा लेख’ असा होतो.

इंग्लंडमधील प्रथेशी ह्याची तुलना उद्बोधक ठरते. तेथे घराच्या कराराच्या दोन सारख्या प्रती करतात. विकणारा एकीवर आणि घेणारा दुसरीवर सही करतो, आणि प्रतींची अदलाबदल झाली की त्या क्षणापासून दोघेही बांधले जातात. तोपर्यंत तोंडी ठरलेल्या भावाने कोणीही बद्ध नसतो. अदलाबदलीच्या वेळी किमतीच्या दहा टक्के रक्कम ठेव म्हणून देण्याची रीत आहे. १९९३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जमैकातील एका प्रकरणात पंचवीस टक्क्यांची ठेव अवाजवी ठरविली. दहा टक्के हे रूढीने मान्य झालेले प्रमाण होय, ह्या विचारावर तो निर्णय आधारलेला आहे. महाराष्ट्रात प्रतींची अदलाबदल नाही. येथे बद्ध होण्याची खूण म्हणजे मुद्रांकित करारनाम्यावर दोघांच्या सह्या आणि त्याची उपनिबंधकाकडे नोंदणी.

ह्याहून मोठा भेद परिणामात आहे. इंग्लिश कायद्यानुसार करार पक्का होताच न्यायनीतीच्या दृष्टीने खरेदीदाराचा मिळकतीत हितसंबंध निर्माण होतो. भारतातील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने ही कल्पना स्वीकारलेली नाही. त्याच्या ५४ व्या कलमात विक्री म्हणजे हस्तांतरण, आणि विक्रीचा करार म्हणजे पुढे विक्री होईल असा करार, असा भेद करून, अशा करारामुळे मिळकतीत आपोआप कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, असे स्पष्ट म्हटलेले आहे.

मराठी दस्तांची भाषा हा भेद क्रियापदांच्या रूपांतून पाळते. साठेखतात ‘विकण्याचे कबूल केले आहे’, ‘खरेदीखत करून देण्यात येईल’ अशी रूपे असतात : कबुली भूतकाळी आणि विक्री भविष्यकाळी. खरेदीखतात, म्हणजे जुन्या परिभाषेतील ‘कायम खुषखरेदीखता’त, ‘विकत दिली आहे’, ‘कब्जा दिला आहे’ अशी पूर्ण वर्तमानाची रूपे येतात. ५४ व्या कलमातील संपूर्ण विवेचन ‘देण्यात येईल’ आणि ‘दिली आहे’ ह्या दोन रूपांच्या अंतरात सामावलेले आहे. साठेखत करून आलेला मनुष्य ‘घर घेतले’ म्हणतो तेव्हा तो दस्तात नसलेला काळ वापरीत असतो.

येथे एक गुंतागुंत सांगितली पाहिजे. ठाणे-कल्याण परिसरातील नव्या इमारतीत सदनिका घेणाऱ्याला स्वतःच्या नावाचे खरेदीखत बहुधा कधीच मिळत नाही. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियमाने (ज्याला व्यवहारात ‘मोफा’ म्हणतात) अशी योजना केली की, सदनिकाधारकांशी करारनामे नोंदवावेत, पुढे त्यांची सहकारी संस्था स्थापन व्हावी आणि जमीन व इमारत ह्यांचे अभिहस्तांतरण त्या संस्थेच्या नावे व्हावे. बांधकाम व्यावसायिक हे अभिहस्तांतरण करून देण्यास टाळाटाळ करू लागल्यामुळे २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची सोय करण्यात आली. ‘मानीव’ हा परिभाषेने घडविलेला शब्द : जे झालेले नाही ते झाले असे मानणे. त्यामुळे सदनिकेच्या बाबतीत नोंदणीकृत करारनामा हाच खरेदीदाराच्या हाती असलेला प्रमुख दस्त ठरतो. त्याला संस्थेचे भागपत्र आणि ताबापत्र ह्यांची जोड मिळते. मुद्रांक कायद्यानेही ही वस्तुस्थिती ओळखली आहे. ताबा द्यावयाचा असलेल्या कराराला अभिहस्तांतरण मानून त्यावर पूर्ण शुल्क घेतले जाते, आणि ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये वैध ठरविली. म्हणजे मुद्रांकाच्या कामापुरती ती विक्री मानली जाते, परंतु हक्काच्या दृष्टीने ती विक्री नव्हे. एकाच दस्ताचे हे दुहेरी रूप खरेदीदाराने नीट समजून घेतले पाहिजे.

४. लिहून देणार आणि लिहून घेणार

मराठी दस्तात पक्षकारांना ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे म्हणण्याची जुनी पद्धत आहे. ‘देणे’ आणि ‘घेणे’ ही सहायक क्रियापदे मराठीत क्रियेचे फळ कोणाकडे जाते हे दाखवितात. ‘वाचून देणे’ दुसऱ्यासाठी, ‘वाचून घेणे’ स्वतःसाठी. दस्तातील लिहून देणार म्हणजे विकणारा; आपला हक्क सोडण्याची जबाबदारी तो पत्करतो. लिहून घेणार म्हणजे ज्याच्या लाभासाठी दस्त झाला तो. खरेदीखताला ही रचना चपखल बसते, कारण त्यात एकच पक्ष देतो. साठेखतात मात्र दोघेही बांधलेले असतात. हप्ते वेळेवर न दिल्यास लिहून घेणाराही करारभंगाचा धनी होतो. ‘घेणार’ ह्या शब्दाने ही जबाबदारी झाकली जाते, आणि सही करणारा आपण केवळ घेत आहोत अशा समजुतीत राहतो.

आजच्या व्यवहारात ह्याहून मोठी अडचण अशी की, बांधकाम व्यावसायिकांचे करारनामे पुष्कळदा इंग्रजीत असतात. पहिल्यांदा घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाच्या हाती मराठीत येणारा कागद म्हणजे नोंदणीनंतर मिळणारी ‘सूची क्रमांक २’. तिचा पहिलाच रकाना ‘विलेखाचा प्रकार’ हा आहे; त्यानंतर मोबदला, बाजारभाव, मिळकतीचे वर्णन, दस्तऐवज करून देणाऱ्या व करून घेणाऱ्या पक्षकारांची नावे असे रकाने येतात. पहिल्या रकान्यात ‘करारनामा’ असा शब्द असला तर व्यवहार कोणत्या अवस्थेत आहे, हे त्या एका शब्दावरून कळते. तो रकाना वाचण्याची सवय लागणे ही साधी वाटणारी, पण मोलाची गोष्ट आहे.

५. थोड्या रकमेचे गणित

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेला ३० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के ह्या मर्यादेपर्यंत कर्ज देता येते. दहा लाखांपर्यंतच्या घरांचा अपवाद सोडल्यास, ही किंमत धरताना मुद्रांक शुल्क, नोंदणी इत्यादी खर्च त्यात मिळवावयाचे नसतात. ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या क्षेत्रांत मुद्रांक शुल्क अधिभारांसह सात टक्क्यांच्या आसपास जाते. स्त्रीच्या नावे खरेदी असल्यास एक टक्क्याची सवलत आहे.

उदाहरणादाखल ४० लाखांचे घर घेऊ. ८० टक्क्यांच्या हिशेबाने बँक अधिकात अधिक ३२ लाख देईल. स्वतःचे ८ लाख उभे करावे लागतील. त्यावर मुद्रांक शुल्काचे सुमारे २ लाख ८० हजार, म्हणजे एकूण १० लाख ८० हजार रुपये पदरचे हवेत. बांधकाम चालू असल्यास वस्तू व सेवा कर वेगळा. ज्याच्यापाशी केवळ चार-पाच लाख आहेत अशा कुटुंबाला ‘दहा टक्के भरा आणि घर तुमचे’ असे सांगितले जाते तेव्हा ती रक्कम ह्या हिशेबातील अर्ध्याहूनही कमी असते. उरलेली रक्कम कोठून यावयाची, हा प्रश्न करारनामा नोंदविण्यापूर्वी सोडविला गेला नाही, तर पुढचा करारभंग त्या दिवशीच निश्चित होतो.

कायद्याने ह्या नाजूक काळाची काही काळजी घेतली आहे. मोफाने करारनाम्यापूर्वी घ्यावयाच्या रकमेवर वीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाच्या, म्हणजे ‘रेरा’च्या १३ व्या कलमाने ती दहा टक्क्यांवर आणली. लेखी करार करून तो नोंदविल्याखेरीज किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम प्रवर्तकाला घेता येत नाही. महारेराच्या नमुना वाटपपत्रात, करारनामा होण्यापूर्वी खरेदीदाराने माघार घेतल्यास पंधरा दिवसांच्या आत काहीही वजावट नाही, आणि त्यानंतर ती टप्प्याटप्प्याने वाढत एकसष्टाव्या दिवसापासून घराच्या किमतीच्या दोन टक्के होते, अशी तरतूद आहे. करारनामा झाल्यावर मात्र हिशेब बदलतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गृहप्रकल्पाच्या प्रकरणात वीस टक्क्यांच्या जप्तीचे कलम एकतर्फी ठरवून ती दहा टक्क्यांपुरती मर्यादित केली. वरील ४० लाखांच्या घराला हे लावून पाहिल्यास एका बाजूस ८० हजार आणि दुसऱ्या बाजूस ४ लाख असा फरक पडू शकतो. ‘वाटपपत्र’ आणि ‘करारनामा’ ह्या दोन शब्दांतील अंतर रुपयांत मोजावयाचे झाल्यास ते एवढे असते.

ह्यावरून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, विसारपावतीत किंवा वाटपपत्रात एक संकेतार्थी वाक्य घालून घेणे हिताचे : ‘कर्ज मंजूर न झाल्यास दिलेली रक्कम अमुक मुदतीत परत करण्यात येईल.’ हे वाक्य नसेल तर कर्ज नाकारले जाणे हा खरेदीदाराचाच दोष गणला जाण्याचा संभव असतो. दुसरा असा की, जुने घर खाजगी व्यक्तीकडून घेताना रेराचे दहा टक्क्यांचे संरक्षण नसते. तेथे पावतीचे शब्द हाच मुख्य आधार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमाने, खरेदीदाराने अकारण माघार घेतलेली नसेल तर, आगाऊ दिलेल्या किमतीपुरता मिळकतीवर त्याचा भार मानला आहे, आणि विसाराच्या रकमेचाही त्यात विचार केला आहे. परंतु हा भार सिद्ध करावयाचा तर रक्कम कोणी, कोणाला, कोणत्या घरापोटी आणि कोणत्या नावाने दिली हे लिहिलेले असले पाहिजे. ‘टोकन मिळाले’ एवढाच मजकूर असलेली चिठ्ठी ह्या कामी दुबळी ठरते.

६. ‘नोंदणी’ ह्या शब्दाचे तीन अर्थ

ह्या शब्दक्षेत्रात सर्वांत अधिक विश्वास ज्या शब्दावर टाकला जातो तो ‘नोंदणी’. घरासंबंधी तो तीन निरनिराळ्या गोष्टींना लागतो. दस्ताची नोंदणी १९०८ च्या नोंदणी अधिनियमाखाली उपनिबंधकाकडे होते. प्रकल्पाची नोंदणी महारेराकडे होते. गृहनिर्माण संस्थेची नोंदणी सहकार खात्याकडे होते. ह्यांपैकी एकही नोंदणी म्हणजे इमारत कायदेशीर असल्याचा निर्वाळा नव्हे. इमारतीला मान्यता देणे हे महापालिकेचे काम. त्याचे पुरावे म्हणजे आरंभी बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. दस्त नोंदविणारा अधिकारी मुद्रांक, पक्षकारांची ओळख व त्यांची कबुली पाहतो. जमिनीची मालकी खरोखर कोणाची आणि मजल्यांना परवानगी किती, ह्याचा न्यायनिवाडा तो करीत नाही.

ह्या अर्थभेदाची किंमत डोंबिवलीत दिसून आली. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या सादर करून ६५ इमारतींनी महारेराची प्रकल्पनोंदणी मिळविली होती, असे २०२२ मध्ये उघडकीस आले. त्या इमारतींतील घरे लोकांनी विकत घेतली, अनेकांनी त्यांवर कर्जे काढली आणि ते तेथे राहावयास गेले. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. ‘प्रकल्प नोंदणीकृत आहे’ आणि ‘दस्त नोंदणीकृत आहे’ ही दोन्ही विधाने ह्या घरांच्या बाबतीत शब्दशः सत्य असू शकत होती. असत्य होते ते तिसरेच, आणि ते विचारण्यासाठी नित्य भाषेत वेगळा शब्द वापरात नव्हता. पुढे २०२३ पासून महारेराने बांधकाम परवानगीची खातरजमा संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून करून घेण्याची पद्धत सुरू केली; तथापि शब्दाची संदिग्धता अद्याप आहे तशीच आहे.

येथे ‘भोगवटा’ ह्या जुन्या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. जमिनीच्या उपभोगाचा, वहिवाटीचा वाचक असलेला हा शब्द शासकीय परिभाषेने इमारतीच्या वापरायोग्यतेसाठी उचलला. भोगवटा प्रमाणपत्र आणि ताबापत्र ह्यांची गल्लत होण्याचे कारण हेच की, दोन्ही शब्दांत ‘जवळ असणे’ हा अर्थांश समान आहे. ताबा विकणारा देतो. भोगवट्याची परवानगी महापालिका देते. पहिला मिळाल्याने दुसरा मिळत नाही.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, गृहखरेदीच्या क्षेत्रात मराठीपाशी शब्दांची उणीव नाही. विसार आणि अनामत ह्यांत परताव्याचा भेद आहे. साठेखत आणि खरेदीखत ह्यांत काळाचा भेद आहे. लिहून देणार आणि लिहून घेणार ह्यांत फळाच्या दिशेचा भेद आहे. ताबा आणि भोगवटा ह्यांत देणाऱ्याचा भेद आहे. उणीव आहे ती ह्या भेदांच्या वापराची. ‘टोकन’, ‘डिपॉझिट’, ‘बुकिंग’ आणि ‘नोंदणी’ हे शब्द परके किंवा अशुद्ध आहेत असा आक्षेप येथे घ्यावयाचा नाही. बयाणा आणि अनामत हेही एके काळी परकेच होते. आक्षेप एवढाच की, पूर्वीच्या उसन्या शब्दांनी भेद सोबत आणले आणि आजच्या शब्दांनी ते पुसले.

भाषाभ्यासकांना ह्या क्षेत्रात करण्याजोगे काम पुष्कळ आहे. ठाणे, कल्याण व उल्हासनगर येथील उपनिबंधक कार्यालयांत नोंदविलेल्या जुन्या-नव्या दस्तांतील क्रियारूपांची तुलना, मोफापूर्वीच्या आणि मोफानंतरच्या करारनाम्यांच्या भाषेचा अभ्यास, आणि खरेदीदारांच्या बोलण्यातील संज्ञांचे सर्वेक्षण असे विषय पदव्युत्तर प्रबंधिकांना योग्य आहेत. त्यांचा उपयोग केवळ विद्यापीठापुरता राहणार नाही. प्रवर्तकाने करारनाम्यासोबत एक पानभर मराठी गोषवारा द्यावा, आणि त्यात दिलेली रक्कम विसार की किमतीपैकी, दस्त साठेखत की खरेदीखत, परवानगी कोणाची आणि कोणत्या क्रमांकाची, एवढे चार मुद्दे नेमक्या शब्दांत असावेत, अशी अपेक्षा अवाजवी नाही. तो गोषवारा मिळेपर्यंत पहिल्या घरासाठी पहिली रक्कम हातावेगळी करणाऱ्याने हेच चार प्रश्न लेखी विचारावेत आणि त्यांची उत्तरे लेखीच घ्यावीत.